एक गल्ली पलीकडे

शुक्रवारपर्यंत मामाला एक नकाशा द्यायचा होता, आणि त्या एका नकाशावर त्याने मनातल्या मनात किती मजले चढवले होते ते ऐकण्यासारखं आहे. नकाशा वेळेवर गेला की पाणी खात्याकडून उरलेल्या शहराचं सगळं काम. काम आलं की जिन्याखालचं ऑफिस सोडून खिडकी असलेलं ऑफिस. आणि पुढेमागे खात्यातल्या साहेबांच्या शेजारची खुर्ची, जिच्यावर बसून दुसऱ्यांच्या नकाशांना नावं ठेवता येतात. नुकसानीच्या रकान्यात त्याने काही मांडलंच नव्हतं. तो भरायला भाची होती.

ऑफिसातलं नकाशांचं सॉफ्टवेअर भाचीच चालवायची. मामा जुना सर्वेक्षक. कॉम्प्युटरकडे तो जावयाकडे पाहावं तसा पाही: मान द्यायचा, ऐकायचं मात्र नाही.

काम होतं जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनी जुन्या नकाशावरून नव्या नकाशावर आणायचं. जुन्या नकाशातले अक्षांश-रेखांश जुन्या मोजणीचे, नव्यातले उपग्रहाच्या मोजणीचे. पृथ्वी तीच, पण मोजायला सुरुवात कुठून करायची यावर दोघांचं पटत नाही. त्यामुळे इकडचा आकडा तिकडे तसाच ठेवला की जागा सरकते. सॉफ्टवेअरमध्ये यावर दोन वाटा असतात. एक वाट आकडे खरोखर बदलते. दुसरी आकड्यांना हातही लावत नाही, नुसती वरची चिठ्ठी बदलते, म्हणजे मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिण्यातला प्रकार. पहिल्या वाटेने जायचं तर शहरातल्या मोजणीच्या दगडांवर जाऊन फरक ताडून पाहावा लागतो. गुरुवारी भाची भर उन्हात त्या दगडांवर यंत्र लावून उभी होती. तेवढ्यात मामाने दुसरी वाट धरली आणि नकाशा खात्याला पाठवून मोकळा झाला.

संध्याकाळी ती आली तेव्हा तो स्क्रीनसमोर मांडी घालून बसला होता.

"एवढं तापायची गरज नव्हती," तो म्हणाला. "बघ. सगळ्या लाइनी रस्त्यावर. एक तरी कुणाच्या घरात शिरलीये का?"

शिरली नव्हती, आणि तिथेच ग्यानबाची मेख होती. त्या भागातल्या गल्ल्या वहीतल्या रेघांसारख्या सारख्या अंतरावर, आणि सरकलेला फरक नेमका एका गल्लीएवढा. प्रत्येक लाइन आपला रस्ता सोडून शेजारच्या रस्त्यावर ऐटीत बसली होती. चूक वेडीवाकडी असती तर आंधळ्यालाही दिसली असती. ही इस्त्री करून आली होती.

"रस्त्यावर आहेत मामा, पण शेजारच्या. आत्ता फोन कर आणि नकाशा मागे घे."

"करतो."

"करतो नको. कर."

"अगं, काम हातात पडू दे. मग गुपचूप दुसरी प्रत देऊ. तोवर कोण जमीन उकरायला बसलंय?"

"मग मीच सांगते त्यांना."

"सांग. आणि तुझ्या आईलाही कळव, तिच्या भावाच्या दुकानाला कुलूप लावलंस म्हणून."

शुक्रवारी सकाळी मात्र त्याने आपण होऊनच सांगितलं, "बोललो साहेबांशी. उद्यापासूनची खोदाई थांबवतायत." तिने विश्वास ठेवला. मामाच्या शब्दावर भाचीने विश्वास ठेवायचा नाही तर कोणी?

शनिवारी खात्याची खोदाई सुरू झालीच. जेसीबीवाल्याला सगळे 'हळूभाऊ' म्हणत, कारण तो दाताच्या डॉक्टरसारखा उकरायचा. तो खणत होता ती गल्ली नकाशात कोरी होती. त्याच्या यंत्राने मुख्य लाइन फोडली, आणि समोरच्या तळघरातल्या छापखान्यात पाणी शिरलं. छापखानेवाली बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून कागदाचे गठ्ठे वर फेकत होती. वर आलेला प्रत्येक गठ्ठा लगदा झालेला.

सोमवारी खात्यात बैठक बसली. हळूभाऊचा परवाना जप्त होऊन साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडला होता.

"नकाशात नसलेली बेवारस लाइन असणार," मामा तोंड वर करून म्हणाला. "ड्रायव्हरने आधी हाताने खणून बघायला हवं होतं."

"नकाशात कोरं होतं साहेब," हळूभाऊ म्हणाला. "कोऱ्यावर काय बघणार?"

भाचीच्या डोक्यात तिडीक गेली. कुणाला न विचारता तिने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला, दगडांवरची मोजणी घातली आणि पहिल्या वाटेने नकाशा बदलला. लाइनी एकदम उचलल्या गेल्या आणि एक गल्ली अलीकडे येऊन बसल्या. मुख्य लाइन थेट छापखान्यासमोर.

मामा गडी तयारीचा. "पोरगी शिकाऊ आहे साहेब. मी डोळे झाकून सही केली, तेवढाच माझा दोष."

"मी दगडांवर होते," भाची म्हणाली. "बटण तू दाबलंस. साहेब, यांनी शुक्रवारी तुम्हाला फोन केला होता?"

"आला होता की," साहेब म्हणाले. "पुढचं काम कधी देताय, विचारत होते."

"घरी तू माझा मामा आहेस," ती मामाकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून सगळ्यांना नीट ऐकू आला. "इथे तू एका माणसाचं पोट पेपरवेटखाली ठेवून गप्प बसला होतास."

साहेबांनी परवाना परत केला. पण नकाशा तर तातडीने दुरुस्त व्हायला हवा, आणि कुठे काय सरकलं ते मामाच्याच ऑफिसला ठाऊक. म्हणून दुरुस्तीचं काम मामाला मिळालं. ते नीट झालं की उरलेलं शहरही त्यालाच.

भाचीने त्याच दुपारी ऑफिसची किल्ली मामाच्या टेबलावर टाकली. रात्री आईचा फोन. "मामाच आहे ना गं तो. एवढं ताणायचं का? त्यानेच तुला शिकवलं."

"शिकवलं. फक्त चिठ्ठी बदलायला मी शिकले नाही," म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात हळूभाऊ रस्त्यात भेटला. परवाना खिशात होता, पण ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा बसवला होता, भराभर उकरणारा.

"ताई, तुम्ही बोललात, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण बरं वाटण्यावर डिझेल मिळत नाही."

तर हिशेब असा. छापखानेवालीचा कागद गेला. हळूभाऊची जागा गेली. भाचीची नोकरी गेली, आणि वर आईचा अबोला. मामाला खिडकीचं ऑफिस मिळालं, आणि तिने दगडांवर केलेल्या मोजणीवरून तो आता दुसऱ्या कुणाकडून नकाशे सुधारून घेतो. नुकसानीच्या रकान्यात मामाच्या नावावर अजूनही काही मांडलेलं नाही.