सासूबाईंना कळू द्यायचं नाही

माझा नवरा गेला त्याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर त्याच्या थोरल्या भावाला. हे मी म्हणत नाही, तेच म्हणाले. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, फोनवर, मलाच.

"तुझं एकच दुःख आहे गं," थोरले म्हणाले. "माझी दोन आहेत. एक तो गेल्याचं, आणि दुसरं आईपासून ते लपवायचं. तिचं काळीज हे सोसणार नाही. तिला कळू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेव."

मी बरं म्हणाले. वाद घालायलाही अंगात काहीतरी लागतं.

आमचं इस्त्रीचं दुकान. दुकान म्हणजे एका मोठ्या सोसायटीतल्या जिन्याखालची जागा. दोन टेबलं, दोन इस्त्र्या, एक फळी आणि कपड्यांची गाठोडी वाहायला एक हातगाडी. वर खोली, तिथं आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी लेक. धंदा माझ्या वडिलांचा. लग्नानंतर माझ्या नवऱ्यानं भावाच्या ऑफिसातली कारकुनी सोडली आणि इस्त्री हातात घेतली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझा मुलगा लोकांच्या सुरकुत्या काढायला जन्माला आला नव्हता." त्यानंतर वीस वर्षांत त्या आमच्या खोलीची पायरी चढल्या नाहीत. दर रविवारी अकरा वाजता लेकाशी फोनवर बोलायच्या, तेवढंच. मी फोन उचलला तर "त्याला दे" एवढे दोन शब्द माझ्या वाट्याला.

लॉकडाऊन लागला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदम सत्ता मिळाली. त्यांनी कुठूनशी एक शिट्टी आणली. दिवसभर फाटकाशी उभे राहून ती फुंकायचे, म्हणून आम्ही त्यांचं नाव शिट्टीमास्तर ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या जिन्याला दोरी बांधली. इस्त्रीच्या कपड्यांतून रोग पसरतो म्हणे. दोन आठवड्यांनी त्यांच्याच गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी अलगद खाली आली. आत दोन शर्ट. मास्तरांची साहेबांबरोबर कम्प्युटरवर मीटिंग होती. मग बघता बघता सगळ्याच गॅलऱ्यांतून पिशव्या उतरू लागल्या. नुसते शर्ट, पँट एक नाही. वर कडक कॉलर आणि खाली चड्डी अशी अख्खी सोसायटी खुर्च्यांवर बसून देश चालवत होती. रोग बहुतेक फक्त पँटमधूनच पसरत असावा.

माझा नवरा हसायचा. "त्यांची काही चूक नाही गं, घाबरलेत बिचारे." मला माणसांची किळस चटकन येते, त्याला येत नसे. आमच्या संसारात हे एवढंच भांडण होतं.

त्याला ताप आला. चौथ्या दिवशी दोन पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. रुग्णवाहिकेचा नंबर फिरवून फिरवून लेकीचं बोट दुखलं. थोरल्यांकडे गाडी होती. मी फोन केला.

"अगं, नेमकी बॅटरी उतरलीय," ते म्हणाले. "नाहीतर मी काय थांबलो असतो?"

संध्याकाळी जाऊबाईंनी स्टेटसला फोटो टाकला. सामानानं गच्च भरलेली डिकी, आणि वर लिहिलेलं, 'महिन्याभराची सोय झाली!' बॅटरी उतरलेली गाडी बाजारापर्यंत त्यांनी बहुधा ढकलत नेली असावी.

आम्ही त्याला हातगाडीवर निजवलं आणि हॉस्पिटलात नेलं. मी पुढून ओढत होते, लेक मागून ढकलत होती. कुणी मदतीला आलं नाही, पण खोटं कशाला बोलू, शिट्टीमास्तरांनी फाटक मात्र झटकन उघडलं. इतक्या तत्परतेनं त्यांनी ते कुणाला आत घ्यायला कधी उघडलं नव्हतं.

नऊ दिवस तो आत होता, आम्ही बाहेर फुटपाथवर. दहाव्या दिवशी सकाळी एका बाईंनी दारात येऊन त्याचं नाव पुकारलं आणि नातेवाईक कोण म्हणून विचारलं. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. अंत्यसंस्काराला दोघांनाच येऊ देत होते, तेही लांबून. मी थोरल्यांना विचारलं, येता का.

"माझ्या घरात म्हातारं माणूस आहे," ते म्हणाले. "मला जबाबदारीनं वागायला हवं."

लेक आणि मी गेलो. परत येताना हातगाडी रिकामी होती, आणि ती ओढायला जास्त जड वाटली.

त्यानंतर ते नाटक सुरू झालं. पहिल्या रविवारी थोरल्यांनी सासूबाईंना सांगितलं की धाकट्याचा फोन बिघडलाय. दुसऱ्या रविवारी त्याहून मोठी शक्कल काढली आणि ती मला मोठ्या कौतुकानं ऐकवली.

"मी आतल्या खोलीत जातो, दार लावतो, आणि दुसऱ्या नंबरावरून आईला फोन करतो. त्याच्या आवाजात बोलतो. घसा बसलाय म्हणायचं. तिला ऐकू कमी येतं, चालून जातं."

मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी बिघाड झालाय. "तुम्ही त्याच्या आवाजात बोलता?"

"मन घट्ट करावं लागतं गं. आईसाठी करतोय."

जो माणूस भावाला शेवटचं बघायला बॅटरीमुळे, आईमुळे, जबाबदारीमुळे आला नाही, तो बंद दाराआड बसून त्याचा आवाज काढत होता. लेक म्हणाली, "आई, आजीला सांगून टाकूया." मी गप्प बसले. माझंही मला सांगायला हवं. मला सासूबाईंची दया वगैरे येत नव्हती. वीस वर्षं ज्या बाईनं मला दोन शब्दांवर ठेवलं, तिच्याबरोबर बसून रडायची माझी इच्छा नव्हती. माझं दुःख माझं होतं. त्यात वाटेकरी नको होता, आणि ती तर नकोच. थोरल्यांना मी नावं ठेवते, पण दोन महिने त्यांच्या नाटकात पडदा मीही धरला.

मग लॉकडाऊन थोडा सैल झाला. एका दुपारी थोरल्यांचा पुन्हा फोन आला.

"आई हट्टाला पेटलीय. त्याला बघायचंय म्हणते. तुझ्याकडे त्याचा इस्त्री करतानाचा एखादा जुना व्हिडिओ असेल ना? पाठव. आजचाच म्हणून दाखवतो."

व्हिडिओ होता. लेकीनं काढलेला. त्यात तो शर्टाची बाही पसरतो, कॅमेऱ्याकडे बघून भुवया उडवतो आणि म्हणतो, "काय शूटिंग लावलंयस, जा अभ्यास कर." त्यापलीकडे त्याचं चालतंबोलतं आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं. आणि हा माणूस आपलं नाटक रंगवायला तेवढंही मागत होता.

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालत निघाले. तासभर लागला. दार जाऊबाईंनी उघडलं. हातात फवारा. झाडाला औषध मारतात तसं त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत फवारलं आणि मग म्हणाल्या, "अगंबाई, किती वाळलीस!"

थोरले आतून धावत आले. कडक कॉलरचा शर्ट, खाली बर्म्युडा. मीटिंग चालू होती वाटतं. "काही बोलू नकोस हं," ते हळूच म्हणाले. "हात जोडतो."

सासूबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. कशी सुरुवात करायची ते वाटभर ठरवलं होतं, पण ती वेळच आली नाही.

त्यांनीच वर पाहिलं. "आलीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, येणारच नाहीस. कोणत्या तारखेला गेला तो?"

मी तिथंच खाली बसले. तारीख सांगितली.

"म्हणजे बुधवार," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी थोरल्या सुनबाईनं मला न मागता कॉफी आणून दिली. तेव्हाच मला कळलं, या घरात काहीतरी भयंकर घडलंय."

"पण मग ते फोन..."

"मला कमी ऐकू येतं, अक्कल कमी नाही," सासूबाई म्हणाल्या. "याचा खोकला दाराआडून यायचा आणि तोच फोनमधून यायचा. आणि म्हणायचा काय, तर 'आई, काळजी घे.' माझ्या धाकट्यानं जन्मात मला काळजी घे म्हटलं नाही. फोन उचलला की पहिलं वाक्य, 'आज कुणाशी भांडलीस?' शाळेच्या नाटकात याला झाड केलं होतं, तेही याला जमलं नव्हतं. आणि निघाला भावाचं सोंग घ्यायला!"

थोरले दारात उभे होते. कॉलरपर्यंत लाल झाले होते. "आई, मी तुझ्यासाठी..."

"गप रे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी रस्त्याकडे नजर वळवली. "बोलले असते तर फोन बंद झाला असता. या घरात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. निदान रविवारी अकरा वाजता खोटं का होईना, कुणीतरी म्हणायचं, मी बोलतोय, तुझा धाकटा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू का आली नाहीस?"

"तुमच्याबरोबर रडायचं नव्हतं मला," मी म्हणाले.

"हं," त्या म्हणाल्या. "खरं बोललीस. या घरात दोन महिन्यांत पहिलंच." आणि खुर्चीचे हात धरून उठल्या. "माझी बॅग भरा."

थोरल्यांनी तासभर समजूत घातली. लोक काय म्हणतील इथपासून सुरुवात करून, खोलीत माणसं किती, जिना किती उभा, डॉक्टर किती लांब, सगळं सांगून झालं. पण बॅग मात्र जाऊबाईंनी पाच मिनिटांत भरली. एक रुमाल मागे राहू दिला नाही. निघताना थोरल्यांनी डोळे पुसले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ दे तिला. तिच्या सुखापुढे माझं काय?" त्या दिवशी गाडीही चटकन सुरू झाली.

सासूबाई आमच्याकडे आल्या म्हणून आमचं मेतकूट जमलं असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मी घडी घातलेला शर्ट उलगडला, पुन्हा घातला, माझ्यापेक्षा वाईट घातला आणि नाक मुरडलं. मी त्यांच्यासमोर तो पुन्हा उलगडला. लेक दोघींना हसते. शिट्टीमास्तर एकदा म्हातारं माणूस सोसायटीत आणण्याचे नियम सांगायला आले. सासूबाईंनी कानामागे हात धरून त्यांना तोच नियम सहा वेळा मोठ्यानं सांगायला लावला. सहाव्यांदा आवाज बसला, तेव्हा गेले.

महिन्याभरानं हॉस्पिटलातून निरोप आला, त्याचं सामान पडून आहे, घेऊन जा. सासूबाई म्हणाल्या, मी येणार. आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. खिडकीतल्या माणसानं यादी पाहिली आणि एक पिशवी सरकवली. चष्मा, मोबाईलचा चार्जर, आणि त्यानं हॉस्पिटलात जाताना अंगात घातलेला शर्ट. मीच इस्त्री केलेला. चुरगळून बोळा झाला होता.

सासूबाईंनी तो बाहेर काढला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि तळहातानं सपाट करू लागल्या. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मग त्यांच्या गळ्यातून असा आवाज निघाला की अख्खी रांग चार पावलं मागे सरकली.

"सरका, सरका," त्या रडत रडतच त्यांच्यावर ओरडल्या. "पोटच्या पोराचं दुःख आहे, उडून लागणार नाही तुम्हाला!"

मग मीही रडले. त्यांच्याबरोबर, त्यांचा दंड धरून, भर रांगेत. खिडकीतल्या माणसानं मागच्यांना हातानं थांबा म्हणून खूण केली. मला त्याचं वागणं आवडलं. आजकाल सहसा कुणाचं आवडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बसमध्ये बसल्यावर मी पिशवी धरायला हात पुढे केला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि ती मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या.