बोटांना सुट्टी

“पुन्हा ठेवा. जरा दाबून,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

यांनी अंगठा काचेवर दाबला. मशीनचा दिवा पुन्हा लाल. दहाही बोटं करून झाली, एकाचाही ठसा उमटेना. परक्या देशात येऊन लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या आणि सिमेंटनं बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या. हातमोजे घाला म्हणून मी कानीकपाळी ओरडत आले, पण यांचं एकच, “मोजे घातले की फरशी वर-खाली झालेली कळत नाही.”

आई आजारी आहे, तिला भेटायला जायचंय, असं यांनी सांगून बघितलं. “ठसे नाहीत तर इथे राहायच्या परवान्याचं नवीन कार्ड नाही,” बाईंनी सांगितलं. “आणि कार्डाशिवाय देश सोडलात, तर परत येता येणार नाही. आठवडाभर हातांना आराम द्या, मग या.”

इकडे आड, तिकडे विहीर. यांचं काम, लेकीची शाळा, सगळं इथे. आणि तिकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज फोनवर विचारायच्या, “कधी येतोस रे?”

घरी आल्याबरोबर मी फर्मान काढलं. कशाला हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ बोटांना तेल. शर्टाची बटणं मी लावणार, घासही मीच भरवणार.

“म्हातारपणाची रंगीत तालीम चाललीय,” हे म्हणायचे. लेक हसून हसून लोळायची. मीही हसायचे, पण एवढा धडधाकट माणूस हात मांडीवर ठेवून आ करून बसलेला बघितला की मान वळवून पुढचा घास कालवायचे.

हळूहळू रेषा दिसू लागल्या. एके दिवशी नणंदेनं सासूबाईंसमोर फोन धरला. मागच्या खेपेला यांनी गालावरून हात फिरवला, तर त्या म्हणाल्या होत्या, “हात आहे की किसणी!” म्हणून यांनी कौतुकानं पंजा पडद्यासमोर धरला.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. “मऊ दिसतोय की. काम सुटलं का रे तुझं?”

“नाही गं आई. तुझ्याकडे यायचंय म्हणून.”

“मग ये लवकर. डोक्यावरून फिरव एकदा.”

ठसे द्यायला जायच्या आदल्या दुपारी नणंदेचा फोन आला. सासूबाई गेल्या होत्या. हे भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. उद्याची तारीख पुढे ढकलू या, असं मी म्हटलं.

“नको,” हे म्हणाले. “बोटं तयार आहेत.”

खिडकीत त्याच बाई होत्या. एका दमात दहाही ठसे उमटले. “वा! बघा, आराम दिल्यावर कसे छान आले,” त्या मनापासून म्हणाल्या. “आता बिनधास्त जाऊन या आईकडे.”

हे “आभारी आहे” म्हणाले. त्या बिचारीला काय माहीत! मला मात्र त्या काचेवर काहीतरी आपटावंसं वाटलं. बाहेर आल्यावर तिकिटाचं विचारलं, तर म्हणाले, “आता कुणासाठी घाई करू?”

दुसऱ्या दिवशी हे कामावर निघाले. सवयीनं मी बटणं लावायला पुढे झाले आणि यांनी लावू दिली, अगदी गळ्यापर्यंत. मग खणातले हातमोजे काढले, मी कधीकाळी आणलेले, एकदाही न घातलेले.

“फरशी वर-खाली झालेली कळायची नाही,” मी म्हटलं.

“नाही कळली तर नाही,” हे म्हणाले, आणि एकेक बोट जपून आत घालू लागले.