प्रमाणित तंत्रज्ञ

गौतमीनं रिकाम्या मंगल कार्यालयाच्या मधोमध उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवली आणि डोळे मिटून ऐकलं. टाळी वरच्या पत्र्याला लागली, मागच्या भिंतीवर आपटली, परत आली, पुन्हा गेली. आवाज पुरता विझायला जवळजवळ तीन सेकंद लागले.

"सतरंज्या किती हायेत, कोंडिबाकाका?" तिनं कार्यालयाच्या राखणदाराला विचारलं.

"चाळीसेक असतील. आंथरायच्या का?"

"न्हाई. मागच्या भिंतीला टांगायच्या."

कोंडिबानं क्षणभर तिच्याकडं बघितलं. "लग्नात आमी खाली आंथरतो," तो म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोलीकडं निघाला.

सकाळचे साडेआठ वाजले होते. अकरा वाजता इथं जनसुनावणी होती, दुसऱ्यांदा. माले गावाच्या वरच्या डोंगरउतारावर एका खासगी कंपनीला सुट्टीच्या बंगल्यांची वसाहत उभारायची होती, आणि कंपनीच्या नकाशात डोंगरातला झरा वसाहतीच्या टाकीकडं वळवलेला होता. त्याच झऱ्यावर खालची वाडी पाणी पीत होती. चार महिन्यांपूर्वी पहिली सुनावणी झाली तेव्हा अडीचशे माणसं याच पत्र्याखाली बसली होती. मंचावरचं मागं कळत नव्हतं, मागचं मंचावर पोचत नव्हतं, आणि स्पीकर मधूनच अशी शिट्टी मारायचा की बाया कानावर हात ठेवायच्या. वाडीतल्या रत्नाबाई माईक धरून दहा मिनिटं बोलल्या. महिन्यानं इतिवृत्त आलं तेव्हा त्यांच्या नावापुढं एवढंच छापलेलं होतं : आवाज अस्पष्ट. हरकत नमूद नाही.

गावानं अर्ज केला, तालुक्याला खेटे घातले, आणि शेवटी सुनावणी पुन्हा घेण्याचा आदेश निघाला. त्यात एक अट होती. ध्वनिव्यवस्था आणि ध्वनिमुद्रण प्रमाणित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं.

पहिल्या सुनावणीचा साऊंड भिवाजींचा होता. भिवाजी म्हणजे गौतमीचे वडील. कॅसेटच्या काळापासून पंचक्रोशीतल्या लग्नांना, जत्रांना, निवडणुकीच्या सभांना त्यांचाच स्पीकर लागायचा. सुनावणीनंतर चार लोकांनी पारावर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, लाईट डिम होती. मग गावानं तो विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. घरी मात्र तेव्हापासून ते जेवताना खाली मान घालून जेवायचे.

गौतमी भूगावच्या एका प्रशिक्षण केंद्रात कामाला होती. सात वर्षांपूर्वी तिथं ती वायरी ओढायला लागली, मग माईक लावायला, मग सभागृहाचा सगळा आवाज आणि स्क्रीन तिच्याकडं आले. केंद्रातल्या एका जुन्या अभियंत्यानं तिला या क्षेत्रातल्या परीक्षेबद्दल सांगितलं. जगभरातले लोक देतात, पेपर इंग्रजीत, आणि पास झालं तरी ठरावीक वर्षांनी अभ्यास दाखवून प्रमाणपत्र चालू ठेवावं लागतं. ती पौडहून भूगावला जाणाऱ्या बसमध्ये उभ्यानं वाचायची. पहिल्यांदा नापास झाली आणि घरी कुणाला बोलली नाही. दुसऱ्यांदा पास झाली तेव्हा पेढे आणले. भिवाजींनी पेढा खाल्ला, प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मग आता पगार वाढंल?"

"बघू," ती म्हणाली होती.

साडेनऊला बाहेर टेम्पो येऊन थांबला. कंपनीचे अधिकारी दिग्विजय मागून गाडीतून उतरले. टेम्पोतून माणसाच्या उंचीचे चार स्पीकर खाली आले आणि त्यांच्या मागोमाग शैलेश, पुण्याच्या साऊंडवाल्या एजन्सीचा माणूस. त्यानं आत येऊन भिंतीला टांगलेल्या सतरंज्या पाहिल्या आणि किंचित हसला. हसण्यात चेष्टा नव्हती.

"कुणी सुचवलं हे?" त्यानं विचारलं.

"मी," गौतमी म्हणाली.

तेवढ्यात सुनावणीच्या अधिकारी, हेमलता मॅडम, आल्या. त्यांनी पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच विचारलं, "तंत्रज्ञ कोण आहे?"

"आम्ही एजन्सी आणलीय, मॅडम," दिग्विजय म्हणाले. "पुण्यातली नावाजलेली आहे. मोठमोठे कार्यक्रम करतात."

"प्रमाणपत्र?"

दिग्विजयांनी शैलेशकडं पाहिलं. शैलेशनं खिशात हात घातले. "मॅडम, पंधरा वर्षं हेच करतोय. कामाबद्दल विचारा, काहीही सांगतो. पण प्रमाणपत्र नाही."

"माझ्याकडे आहे," गौतमी म्हणाली आणि फाईल पुढं केली.

हेमलता मॅडमनी कागद वाचला. क्रमांकावर बोट ठेवून त्यांनी मोबाईल काढला. आत रेंज नव्हती, म्हणून त्या पायऱ्यांवर गेल्या, तिथूनही पुढं रस्त्यापर्यंत गेल्या. गौतमी दारातून त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. पाच मिनिटांनी त्या परत आल्या.

"नाव जुळतं, मुदतही चालू आहे. या काम बघतील."

"माझी हरकत आहे," दिग्विजय म्हणाले. आवाज त्यांचा मुळातच हळू होता, तरी शब्द तोलूनमापून येत होते. "या इथल्याच आहेत. यांच्या घरीही त्याच झऱ्याचं पाणी येतं. यांची बाजू ठरलेली आहे. मुद्रण यांच्या हाती कसं द्यायचं?"

कोंडिबा सतरंजीची दोरी हातात धरून तसाच थांबला. हेमलता मॅडमनी गौतमीकडं पाहिलं.

"बरोबर बोलतायत ते," गौतमी म्हणाली. "माझी बाजू आहे. म्हणूनच मुद्रण दोन यंत्रांवर होईल. एक तुमच्याकडे, एक यांच्याकडे, दोन्ही एकाच वेळी सुरू आणि एकाच वेळी बंद. प्रत्येक माईकचा आवाज वेगळा नोंदला जाईल, म्हणजे कुणाचा दाबला तर लगेच कळेल. आणि शैलेशदादांनी माझ्या शेजारी बसावं. माझा हात कुठं जातो ते त्यांना कळतं." तिनं प्रमाणपत्राकडं बोट दाखवलं. "मॅडम, प्रमाणपत्र घेताना आचारसंहितेवर सही करावी लागते. मी गैर वागले आणि यांनी तक्रार केली, तर ते रद्द होऊ शकतं. शैलेशदादांवर तसली तक्रार कुणाकडे करणार?"

शैलेशनं मान हलवली. "खरंय," तो पुटपुटला.

"ठीक आहे," हेमलता मॅडम म्हणाल्या. "तसंच नोंदवून घेते. दिग्विजय, तुम्हाला चालेल?"

दिग्विजयांनी होकार दिला.

मग तासभर गौतमीला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. मोठे स्पीकर तिनं वापरलेच नाहीत. त्याऐवजी केंद्राकडून परवानगी काढून आणलेले आठ लहान स्पीकर तिनं दोन्ही भिंतींना ओळीनं लावले आणि मागच्यांचा आवाज कणभर उशिरा सोडला, म्हणजे मंचावरचा शब्द आणि जवळच्या स्पीकरमधला शब्द एकत्रच कानात पडावा. माईकजवळचे दोन पंखे बंद करायला लावले. शैलेश आधी नुसता बघत होता, मग शिडीवर चढला. उशीर किती ठेवलास, असं त्यानं विचारलं, तिनं आकडा सांगितला, आणि त्यानं मागच्या खुर्चीत बसून ऐकून अंगठा वर केला.

अकरा वाजता कार्यालय भरलं. भिवाजी सगळ्यात शेवटी आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. लेकीच्या टेबलाकडं त्यांनी पाहिलं नाही.

आधी दिग्विजय बोलले. त्यांचा हळू आवाज शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ पोचला. नोकऱ्या, रस्ता, शाळेला मदत, सगळं. मधूनच एक जण ओरडला, "गौतमे, बंद कर की त्याचा माईक!" लोक हसले. गौतमीनं हात टेबलावरच्या यंत्राच्या बटणाकडं नेला आणि दिग्विजयांचा आवाज आणखी थोडा वाढवला. पुढं कुणी ओरडलं नाही. दिग्विजयांनी एकदा थांबून तिच्याकडं बघितलं आणि मग पुढचं वाक्य सुरू केलं.

मग गावाची पाळी आली. सातवं नाव रत्नाबाईंचं होतं. त्या उठल्या, माईकपाशी आल्या आणि तिथंच थबकल्या. गेल्या वेळची शिट्टी त्यांना आठवत असावी. त्यांनी माईक हातभर लांब धरला. गौतमी टेबलामागून उठली, त्यांच्या हातातला माईक घेऊन समोरच्या स्टँडला बसवला आणि हनुवटीच्या खाली आणला.

"काकू, घरात बोलता तसंच बोला. वरडू नका."

रत्नाबाईंनी घसा खाकरला. खाकरणं सगळीकडं ऐकू गेलं आणि त्या दचकल्या. मग बोलायला लागल्या.

"मी हितं सून म्हणून आले तवा येकोणीस घरं व्हती वाडीत. आता येक्केचाळीस हायेत. चैतात हिरी आटत्यात, पर झरा आटत न्हाई. बाळंतिणीला पाणी तितलंच, मयताला पाणी तितलंच. कंपनीच्या सायबांचं मी समदं ऐकलं, आज पयल्यांदाच नीट ऐकलं. त्यांनी शाळंचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं. पर येक्केचाळीस घरांनी पाणी कुटनं आणायचं, ते न्हाई सांगितलं. त्याचं उत्तर द्या, मग पुढचं बोला. माझी हरकत हाय. ल्ह्या."

हेमलता मॅडमनी लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "दिग्विजय, याचं उत्तर आहे?"

दिग्विजयांनी समोरचे कागद चाळले. "या क्षणी नाही," ते म्हणाले. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

यादीतली नावं संपली. "आणखी कुणाला बोलायचंय?" मॅडमनी विचारलं.

दाराजवळची खुर्ची सरकली. भिवाजी उठले. गौतमीचा हात बटणांवर होता, तो तिथंच राहिला. गावातल्या तीस वर्षांतल्या प्रत्येक सभेला ते हजर होते, पण माईकच्या या बाजूला ते कधी आले नव्हते. ते स्टँडपाशी आले आणि बोटानं माईकवर टकटक करायला हात वर केला, मग तो खाली घेतला.

"मी भिवाजी. पैल्या सुनावणीचा साऊंड माझा व्हता." ते माईकच्या आणखी जवळ सरकले. "मी गावाला सांगितलं, लाईट डिम व्हती. लाईट डिम न्हवती. माईकची वायर आतनं तुटत आलेली, मला ठावं व्हतं. लग्नात चालती, म्हनलं हितंबी चालंल. रत्नावैनी त्या दिशी बोलल्या व्हत्या. समदं बोलल्या. आज बोलल्या तेच. त्यांची हरकत तवाबी व्हती. ती माझ्यामुळं ऐकू आली न्हाई. माझ्यापाशी कसला कागद न्हवता, आन कुणी इचारलाबी न्हाई. एवढं ल्ह्या मॅडम."

शैलेशनं गौतमीकडं पाहिलं. तिच्या समोरच्या यंत्राच्या पडद्यावरची आवाजाची रेघ खाली आली होती, कारण भिवाजी शेवटी शेवटी फार हळू बोलले होते. गौतमीनं त्यांचा आवाज इतरांसारखाच सारखा केला होता. एक शब्द बुडाला नव्हता.

"नाव पूर्ण सांगा," हेमलता मॅडम म्हणाल्या, आणि ते सांगेपर्यंत लेखणी धरून थांबल्या.

दुपारी दोनला त्यांनी इतिवृत्ताचा मसुदा माईकवर वाचून दाखवला. "झऱ्याच्या पाण्याबाबत कंपनीने लेखी उत्तर व पर्यायी आराखडा सादर करेपर्यंत प्रस्तावावर पुढील कार्यवाही होणार नाही, अशी शिफारस." मग रत्नाबाईंची हरकत शब्दाशब्दानं वाचली. रत्नाबाई मान हलवत ऐकत होत्या आणि वाचन संपल्यावर म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा." मॅडमनी पुन्हा वाचली. मागच्या ओळीतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं कार्यालयच टाळ्या वाजवायला लागलं. सतरंज्या टांगलेल्या असूनही पत्रा दणाणला.

शेवटच्या पानावर हेमलता मॅडमनी बोट ठेवलं. "तंत्रज्ञ. इथं सही. खाली प्रमाणपत्राचा क्रमांक."

गौतमीनं सही केली, क्रमांक लिहिला. दिग्विजय त्यांचं मुद्रण घ्यायला आले होते. त्यांनी यंत्र कानाला लावून थोडं ऐकलं.

"माझा आवाज इतका स्पष्ट मी कधी ऐकला नव्हता," ते म्हणाले. ते नमस्कार करून निघून गेले. शैलेश टेम्पोकडं जाता जाता परत आला आणि त्या परीक्षेला काय काय वाचावं लागतं, ते त्यानं तळहातावर लिहून घेतलं.

माणसं पांगली. बाहेर बाया रत्नाबाईंना घेरून उभ्या होत्या आणि त्या प्रत्येकीला सगळं पहिल्यापासून सांगत होत्या. आत गौतमी स्पीकर उतरवत होती. भिवाजी आत आले, जमिनीवरची लांब वायर उचलली आणि सवयीनं कोपर आणि पंजावरून भराभरा गुंडाळायला लागले. चार वेढे झाल्यावर ते थांबले. वायर पिळवटली होती.

त्यांनी चारही वेढे सोडले आणि वायरीचं टोक तिच्यापुढं धरलं.

"तू कशी गुंडाळतीस? दाव."

गौतमीनं हातातला स्पीकर खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"येक येढा सरळ," ती म्हणाली, "आन दुसरा आतनं उलटा. तिला पीळ द्यायचा न्हाई, आबा. तिची ती जाती."

भिवाजींनी एक वेढा घेतला. दुसरा चुकला. त्यांनी तो सोडला आणि पुन्हा घेतला.