भैरूगिरीचे दोन कलश

फरीदाबादच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात रविवारी सकाळी माणसे आणि कुत्री एकाच रांगेत उभी होती. गादी घातलेल्या टोपल्यांतून आणलेली झुबकेदार केसांची कुत्री होती, सुतळीला बांधलेली गावठी होती, आणि एका गृहस्थांनी तर आपला भलामोठा लॅब्रॅडॉर चादरीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखा खांद्यावर घेतला होता. समोर पत्र्याच्या छपराखाली काळभैरवाची तसबीर होती आणि तिच्यापुढे मांडी ठोकून भैरूगिरी महाराज बसले होते.

"देखो भक्तो, आँखें खोलकर देखो! कुत्ता भैरवनाथ का वाहन है. वाहन बिगडे तो मिस्त्री कौन? डॉक्टर? अरे, डॉक्टर तो पंक्चरवाला है!"

रांग खदखदून हसली. चेल्याने एक धडधाकट कुत्रा पुढे आणला. महाराजांनी त्याच्या पोटाला चंदनाचा घमघमाट सुटलेली पिवळी पूड चोळली, तिला ते 'भैरव भभूत' म्हणत, आणि तांब्याच्या कलशातले पाणी वरून सोडले. खाली धरलेल्या पांढऱ्या थाळीत पिवळे पाणी साचले. "निर्मल! यह जीव निरोगी है."

मग एका बाईंचा कण्हणारा स्पिट्झ पुढे आला. तीच पूड, तसेच पाणी. पण या वेळी पोटावरून ओघळता ओघळता पाणी लालभडक झाले आणि थाळीत रक्त सांडल्यासारखे दिसू लागले.

"दूषित रक्त! विष उतर रहा है!" महाराज गरजले. "जय भैरवनाथ!" रांगेने एकच गजर केला. स्पिट्झच्या मालकीणबाई ढसाढसा रडू लागल्या.

रांगेत उभ्या देवयानीने दात घट्ट आवळले. तिच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली मिरी होती. मिऱ्याच्या दाण्यासारखी काळी कुळकुळीत, ओंजळीत मावेल असे पिल्लू. शेजारी नवरा सुधन्वा आणि सातवीतली लेक निधी उभी होती. त्यांना इथे घेऊन आलेल्या अरुणाताई हात जोडून डोळे पुसत होत्या.

"बघितलंस ना, देवयानी? आमच्या ब्रूनोचंही असंच लाल निघालं होतं. आता बघ कसा उड्या मारतो."

देवयानीने मिरीवरचा टॉवेल सारखा केला. केंद्र सरकारच्या कचेरीत रोज नव्या योजनांतली गळती शोधणारी ही बाई आज कुत्र्याच्या पिल्लाला घेऊन एका भगव्या माणसापुढे रांग लावते आहे, याचा तिला स्वतःचाच संताप येत होता.

पुण्याहून बदली होऊन दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्यापासून निधीने कुत्र्याचा धोशा लावला होता. अखेर बेवारस प्राण्यांच्या आश्रयघरातून त्यांनी मिरीला दत्तक आणले. पहिल्या दिवशी तिने सुधन्वाच्या बुटात झोप काढली, दुसऱ्या दिवशी सोफ्याची झालर फाडली, आणि घर तिचेच होऊन गेले. आठवडाही झाला नसेल, तोच तिने खाणे सोडले. आधी उलट्या, मग जुलाब, मग जुलाबातून रक्त.

मुनिरक्याचे जनावरांचे डॉक्टर सुजय यांनी तपासणी करून स्पष्ट सांगितले होते, "पार्वो आहे. या विषाणूला मारणारं औषध माझ्याकडे नाही. सलाइन द्यायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतू आत शिरणार नाही असं बघायचं. शरीराला लढायला वेळ मिळवून द्यायचा. लढाई तिलाच करायची आहे."

"वाचेल ना?" सुधन्वाने विचारले.

"आज नहीं बता सकता."

हे 'नहीं बता सकता' सुधन्वाला झोंबले. रोज ऑफिसातून सुटी मागायची, रोज मुनिरक्याच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधायची, एवढ्याशा पायात शीर शोधताना मिरीचे केविलवाणे ओरडणे ऐकायचे, आणि तरी पिल्लू ओल्या फडक्यासारखे पडलेले. "यार, एवढा शिकलेला माणूस आणि सांगता येत नाही म्हणतो! मग आपण जातो कशाला?" तो चिडून म्हणाला. नेमक्या त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या अरुणाताई वर आल्या. फरीदाबादला एक महाराज आहेत, म्हणाल्या, ते खात्री देतात.

खात्री! त्या शब्दापुढे देवयानीचे काहीएक चालले नाही.

मिरीचा नंबर आला. महाराजांनी तिला उचलले, पूड चोळली, पाणी सोडले. थाळी लाल झाली. निधी किंचाळली आणि वडिलांना बिलगली.

"घोर विष है," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मंगलवार तक न सुई, न बोतल, न पानी. दिन में तीन बार यही भभूत चटाओ. विश्वास टूटा, तो जीव छूटा!"

"पानी भी नहीं?" देवयानी पुढे सरकली. "महाराज, उल्टी और दस्त से इसका सारा पानी निकल गया है. बिना पानी के तो अच्छा-भला जानवर मर जाएगा."

महाराजांनी एक डोळा उघडला. "माताजी, इस जीव को बीमारी नहीं लगी. इसे आपकी शंका लगी है."

रांगेतून निषेधाचे हुंकार उमटले. कुणीतरी म्हणाले, बहनजी, इतका अविश्वास होता तर आलात कशाला? अरुणाताईंनी तिचे कोपर ओढले. सुधन्वा कानाशी पुटपुटला, "चल ना, तमाशा नको करूस. मंगळवारपर्यंतचाच प्रश्न आहे." आणि निधी रडत म्हणाली, "आई, प्लीज, त्यांना गुस्सा नको येऊ देऊस!"

देवयानीने मिरीला टॉवेलमध्ये गुंडाळले आणि ती गाडीकडे चालू लागली. 

दुपारपर्यंत मिरीचे नाक कोरडे पडले, डोळे आत गेले. देवयानीने तिच्या मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली, तर कातडी परत खाली न बसता तशीच उभी राहिली. सुधन्वा मिरीच्या भांड्यातले पाणी मोरीत ओतून आला आणि देवयानीकडे न बघता खिडकीशी उभा राहिला. देवयानीला वाटले, आता भांडण होणार, आणि झाले तर ते थांबणार नाही. ती उठून न्हाणीघरात गेली. पांढऱ्या ओढणीवर भभुतीचे पिवळे डाग पडले होते. काहीतरी घासायला हवे होते म्हणून तिने धुण्याची वडी घेतली आणि राग काढल्यासारखी त्या डागांवर रगडली.

डाग लाल झाले.

क्षणभर तिला वाटले, मिरीचे रक्तच लागले असावे. तिने ओढणी नाकाशी नेली. चंदनाचा दर्प साबणाने निघून गेला होता आणि खाली उरला होता स्वयंपाकघरातला रोजचा वास. हळद! जेवताना आमटी सांडली, डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे तिने शंभरदा पाहिले होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, हेही तिला ठाऊक होते. सगळे ठाऊक असून सकाळी त्या थाळीपुढे तिला त्यातले काही आठवले नव्हते.

"निधी! इकडे ये."

निधीने ओढणी पाहिली आणि तिचे रडे थांबले. "आई, हे तर आम्ही लॅबमध्ये केलंय! हळदीचा पेपर साबणाच्या पाण्यात रेड होतो. पण साध्या पाण्यात नाही होत."

"मग त्या पहिल्या कुत्र्याचं पाणी पिवळंच कसं राहिलं?"

"लोटा वेगळा होता." निधी आठवत म्हणाली. "चांगल्या डॉगीला उजवीकडचा आणि मिरीला डावीकडचा. मला वाटलं, पहिल्यातलं पाणी खतम झालं असेल."

देवयानीने ओली ओढणी तशीच सुधन्वापुढे नेऊन धरली. "हे बघ, माझ्या ओढणीलाही पार्वो झालाय. हळद आणि चुन्याचं पाणी, बाकी काही नाही. उठ, मुनिरक्याला जायचंय."

"आणि महाराजांचं पथ्य मध्येच मोडलं म्हणून काही झालं तर?"

"मोडायला आहे काय त्यात? सकाळपासून तहानेनं मरतंय पिल्लू!"

सुधन्वाने एकदा लाल डागांकडे पाहिले, एकदा मिरीकडे. मग किल्ल्या उचलून तो जिन्याने धावतच खाली गेला.

डॉक्टर सुजय सुटीच्या दिवशीही आले. मिरीची शीर सापडेना. एका पायावर झाले, दुसऱ्यावर झाले. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. अखेर सुई लागली, नळीतून थेंब पडू लागले, तेव्हा ते स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारले, "सकाळी का नाही आणलंत?"

सुधन्वाने सगळे सांगितले. डॉक्टरांनी थेंबांचा वेग नीट केला.

"माझ्याकडे असे पुष्कळ येतात," ते म्हणाले. "बहुतेक उशिरा. मी 'माहीत नाही' म्हणतो, कारण मला खरंच माहीत नसतं. त्याला खात्री द्यायला काय जातं? जगलं तर श्रेय त्याचं, मेलं तर पाप तुमचं."

मिरीची झुंज त्यानंतरही सोपी नव्हती. सोमवारी तिने मानही उचलली नाही. पण सलाइन चालू राहिले, मंगळवारी उलटी थांबली, आणि गुरुवारी तिने निधीच्या बोटावरची भाताची पेज चाटली. सुधन्वा दवाखान्यातच तोंड फिरवून रडला.

आणि शुक्रवारी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अरुणाताईंचा निरोप झळकला : 'भैरूगिरी महाराजांची कृपा! मिरी ठणठणीत! रविवारी फरीदाबादला कोण कोण येणार?'

देवयानी तणतणत खाली गेली. "अरुणाताई, त्यांच्या नादानं ती मरायला टेकली होती. डॉक्टरांनी वाचवलं तिला."

"अगं, पण मंगळवारीच उतार पडला ना? त्यांनी मंगळवारच सांगितला होता!"

 भिंतीवर डोके आपटावे असे तिला वाटले. वर येऊन ती निधीला म्हणाली, "पानवाल्याकडून चुना आण."

रविवारी सकाळी कॉलनीच्या बागेत फरीदाबादला निघालेली मंडळी जमली होती. त्यांत चेतना नावाची तरुण मुलगी नुकतेच दत्तक घेतलेले, मलूल पडलेले पिल्लू टोपलीत घेऊन बसली होती. देवयानीने बाकावर दोन लोटे, पांढरे ताट आणि चंदनाची पूड मिसळलेली हळद मांडली. एका लोट्यात नळाचे पाणी होते. दुसऱ्यात चुना ढवळून, खाली बसू देऊन वरची निवळी भरली होती. दोन्ही दिसायला सारखीच.

"राजाभाऊ, हात द्या," ती अरुणाताईंच्या यजमानांना म्हणाली.

निधीने त्यांच्या तळहाताला पूड चोळली आणि पहिल्या लोट्यातले पाणी सोडले. ताटात पिवळे पाणी पडले. "राजाभाऊ निर्मल!" लोक हसले.

"आता तुमची चप्पल."

"चप्पल?"

"द्या तर खरं."

चपलेला पूड चोळून निधीने दुसरा लोटा ओतला. ताट लालभडक झाले. हसणे थांबले.

"घोर विष आहे हो तुमच्या चपलेत," देवयानी म्हणाली. "मंगळवारपर्यंत तिला पाणी देऊ नका." मग तिने लोटे लोकांच्याच हाती दिले. कुणी बटाट्यावर करून पाहिले, कुणी बाकाच्या दांडीवर. सगळ्यांचे रक्त दूषित निघाले.

"पण आमचा ब्रूनो बरा झाला, त्याचं काय?" अरुणाताई हट्टाने म्हणाल्या.

"लग्नातली बिर्याणी खाऊन त्याचं पोट बिघडलं होतं, ताई, तुम्हीच सांगितलं होतंत. तो घरीच बरा झाला असता. ज्यांची बरी होतात ते पेढे घेऊन पुन्हा महाराजांकडे जातात, म्हणून बरी झालेलीच तुम्हाला दिसतात."

"आणि मेलेली?"

हा प्रश्न मागून आला होता. पलीकडच्या ब्लॉकमधले दिलीप उभे होते. सदा गप्प राहणारा माणूस. त्यांचा शेरू दिवाळीत गेला होता, एवढेच कॉलनीला माहीत होते.

"आम्हालाही पाणी नको म्हणाले होते," दिलीप म्हणाले. "पण पहाटे तो माझ्याकडे बघत राहिला. मला राहवलं नाही. चमच्यानं दोन घोट पाजले. दुपारी गेला. महाराजांना सांगायला गेलो, तर म्हणाले, तूने ही जीव छुड़ाया." त्यांनी मान खाली घातली. "मी घरात कुणाला सांगितलं नाही. अजून मुलाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही मला."

 कॉलनीत फरीदाबादचा पत्ता कोण वाटत होते, हे सगळ्यांना माहीत होते. अरुणाताईंचा चेहरा पांढरा पडला.

"दिलीपजी," देवयानी जवळ जाऊन म्हणाली, "तो तहानेला होता आणि तुम्ही त्याला पाणी दिलंत. तेवढंच त्या दिवशी कुणीतरी बरोबर केलं. शेरूला तुम्ही मारलं नाहीत." मग ती बाकीच्यांकडे वळली. इतके दिवस साठलेला संताप आता तिच्या आवाजात नव्हता. "डॉक्टर माहीत नाही म्हणाला तर चिडा, रडा, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. मीही चिडले. पण जो माणूस प्रश्न विचारू देत नाही आणि हातचं औषध थांबवतो, त्याच्यापुढून आपलं जनावर उचला आणि चालू लागा. ते बोलू शकत नाही. त्याच्या वतीनं शंका आपणच घ्यायची असते."

दोघे-तिघे खांदे उडवून तरीही फरीदाबादच्या गाडीत जाऊन बसले. बाकीचे ताटाभोवती घुटमळत राहिले. अरुणाताई मात्र उठल्या, दिलीपसमोर जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या. त्या वळल्या आणि त्यांनी चेतनाच्या हातातली टोपली घेतली.

"चल गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आधी मुनिरक्याला जाऊ."