अधिकचं चिन्ह

मी एक जुनी पितळेची कळशी आहे. मित्रांनो, लालबागच्या आमच्या चाळीत मला भर नळावर दगडाने ठेचलं. पण असं काही घडलंच नाही, असा ठराव चाळकमिटीने एकमताने केला आहे. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून माझ्या जन्माकडे वळू.

गिरगावातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. माझ्या मालकिणीचे, रखमाचे, वडील नगरचे ख्रिस्ती. त्यांनी लेकीच्या लग्नात आहेराला मला घेतलं आणि नाव घालणाऱ्याला सांगितलं, "दोघांच्या नावांमध्ये क्रूस काढा." त्या बिचाऱ्याने जन्मात क्रूस पाहिला नव्हता. त्याने चारही हात सारखे काढले. खालचा लांब असतो, हे त्याला कोण सांगणार? माझ्या पोटावर कोरलं गेलं, 'रखमा + गुणाजी'. वडील म्हणाले, "असू दे. देवाला कळतं."

देवाला कळलं असेल. चाळीला कळलं नाही, म्हणून बरं चाललं होतं.

गुणाजी गिरणीत साच्यावर कापड विणायचा. खोली मिळाली तेव्हाच त्याने रखमाला बजावलं, "इथं धर्माचं नाव काढू नको." ती कुंकू का लावत नाही, असं शेजारच्या मालनने विचारलं, तर हाच मध्ये म्हणाला, "कपाळाला खाज सुटते तिच्या." मग काय, चाळीतली एकेक बाई मलम घेऊन हजर. रखमाने ती सगळी मलमं गुणाजीच्या टाचांना लावली. इतक्या मऊ टाचा अख्ख्या लालबागात कुणाच्या नव्हत्या.

छप्पन साल आलं. ज्याच्या त्याच्या तोंडी संयुक्त महाराष्ट्र. रखमाही गॅलरीतून घोषणा द्यायची. उपासनेतल्या गाण्यांनी कमावलेला आवाज, थेट रस्त्यापर्यंत जायचा. अशात एका सकाळी कमिटीचा सेक्रेटरी हेरंब नळावर माझ्या पोटावरच्या चिन्हापुढे थबकला.

"मुंबई अधिक महाराष्ट्र! अरे, या वैनींनी आपल्या आधी ओळखलं!"

मला चिंचेने घासलं, आंब्याचे डहाळे लावले, वर नारळ ठेवला. प्रभातफेरीच्या पुढे माझा मान होता. माझ्यात पाण्याऐवजी कौतुक भरण्याची ती पहिलीच वेळ. हेरंबने चिन्हाला लावायला कुंकवाचं बोट पुढे केलं आणि रखमाने चिन्हावर तळवा ठेवला.

"लावू नका. तो क्रूस आहे. आम्ही ख्रिस्ती."

"खाज येते तिला," मागून गुणाजी म्हणाला. पण आता मलम आणायला कुणी धावलं नाही.

"वैनी, नुसतं अधिक म्हणा. मनात काय वाटेल ते म्हणा," हेरंब समजुतीने म्हणाला.

"जे मनात आहे, तेच तोंडाने म्हणतेय. फेरीत येते मी. महाराष्ट्र मलापण हवाय."

"गोरा साहेब गेला, तुम्ही कशाला राहिलात?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मी नगरची आहे, भाऊ."

फेरी दुसरी कळशी घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून मला रांगेतून पायाने बाजूला सारू लागले. रखमा चिंचपोकळीपर्यंत पाण्याला जायची. मालन कुजबुजायची, "अगो, अधिक म्हण नि मोकळी हो. माझ्या पाठी लाव कळशी." रखमा मला उचलून चिंचपोकळीची वाट धरायची.

गुणाजी गिरणीतून कानस घेऊन आला. "उभी रेघ तेवढी घासतो."

"मग काय उरेल?"

"वजाबाकी."

रखमाने त्याच्या हातातून कानस घेतली. मला वाटलं, संपलं. तर तिने कानशीच्या टोकाने खालचा हात ओरखडत ओरखडत बुडापर्यंत लांबवला. मला दुखलं, मित्रांनो. पण आता अधिक म्हणायची कुणाला सोय उरली नाही.

त्या लांब क्रूसासकट तिने मला रांगेत ठेवलं. मग जे घडलं नाही, ते घडलं. मालन नळाकडे बघत "पाणी आलं, पाणी आलं" म्हणत राहिली. कळशी आपणहून दगडावर आपटली, असं कमिटीला आढळलं.

गुणाजीने पोट फुटलेल्या मला उचललं. सगळ्यांदेखत म्हणाला, "तिला कधीच खाज नव्हती. आम्ही ख्रिस्तीच." मग नळ त्यालाही बंद झाला.

साठ साली महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले. ताट आमच्या दारापर्यंत आलं आणि वळलं. रखमाने आत गुडघे टेकून नव्या राज्यासाठी प्रार्थना केली आणि भोकाला पुन्हा लाख लावून मला कमरेवर घेतलं. अर्ध्यापर्यंतच भरते मी, पाणी वर गेलं की लाख सुटते. म्हणून ती आता चिंचपोकळीला दोनदा जाते.

मित्रांनो, भांडी जपून वापरा. आणि कमिटीस सविनय विनंती, की बेळगाव-कारवार राज्यात यायचे बाकीच आहेत, तर त्याच मागणीत आमच्या दारापासून नळापर्यंतची गॅलरीही धरावी आणि सदर मराठी मुलूख लवकरात लवकर महाराष्ट्रात सामील करून घ्यावा.