महाराजांची सुरगाठ

शहरातल्या वाडी भागात गाठमुक्ती महाराजांच्या दरबारात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांचा उपचार सुटसुटीत होता. दुखणेकऱ्याच्या पोटासमोर लाल दोरा धरायचा, त्याला गाठ मारायची, एक टोक ओढून ती पक्की असल्याचं दाखवायचं, मग मंत्र पुटपुटत फुंकर घालायची. फुंकरीसरशी दोरा सरळ. "गांठ छूटी गई," असं महाराजांनी आपल्या गुजरातीत जाहीर केलं की दरबार जयजयकाराने दणाणून जाई. मंत्रातलं संस्कृत कुठे संपतं आणि ढेकर कुठे सुरू होते, ते पुढच्या रांगेलाही कळत नव्हतं.

निरुपमाताई तिथे हौसेने आल्या नव्हत्या. पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा त्या तडक डॉक्टरकडे गेल्या होत्या. गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की रोग लवकर सापडलाय, पिशवीबाहेर गेलेला दिसत नाही. ऑपरेशन करून पिशवी काढू, पुढचे उपचार तपासणीवर ठरतील, पण बरं व्हायची आशा चांगली आहे. निरुपमाताई रात्रभर रडल्या आणि सकाळी उठून दवाखान्याची बॅग भरायला लागल्या. हातपाय गळाले ते त्यांच्या यजमानांचे. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेले लक्ष्मीकांतराव 'कॅन्सर' हा शब्द ऐकून असे काही घाबरले, की सगळं शास्त्र खुंटीला टांगून बायकोला महाराजांकडे घेऊन आले. उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

निरुपमाताईंचा नंबर लागला. लक्ष्मीकांतरावांनी रक्त दिसल्यापासूनचं सगळं दुखणं सांगितलं. दोरा, गाठ, मंत्र, फुंकर. दोरा सरळ झाला आणि लक्ष्मीकांतरावांनी भक्तिभावाने हात जोडले. निरुपमाताई मात्र महाराजांच्या बोटांकडे पाहत होत्या. ही गाठ त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. परकराच्या नाडीला त्या रोज तीच मारत आल्या होत्या.

"महाराज," त्या नम्रपणे म्हणाल्या, "या खेपेला गाठ मी मारते. फुंकर तुमचीच."

महाराजांना नाही म्हणायची सवड मिळाली नाही. ताईंनी दोरा घेतला आणि करकचून गाठ आवळली. महाराजांनी फुंकर घातली. मग मोठी घातली. मग गाल फुगवून, डोळे वटारून घातली. गाठ ढिम्म.

"बेन, तमारी श्रद्धा ओछी छे," महाराज घाम पुसत म्हणाले.

"श्रद्धा कमी नाही, होती तेवढीच आहे. तुमची सुरगाठ होती, माझी निरगाठ आहे." मग बायकांकडे वळून त्यांनी दुसऱ्या दोऱ्याला सुरगाठ मारली. एक टोक ओढलं, गाठ घट्ट झाली. फुंकर घालता घालता दुसरं टोक हळूच ओढलं, दोरा मोकळा. बायकांत खसखस पिकली. ही सिद्धी त्या सगळ्यांनाच होती.

लक्ष्मीकांतराव मान खाली घालून बसले होते. "मला वाटलं, तुला कापाकापी न करता भागलं तर..."

"भीती मलाही वाटते हो," ताई म्हणाल्या. "पण आपण घाबरून बसलो म्हणून रोग काही थांबून राहणार नाही. आज तो आटोक्यात आहे, तर उद्याचं ऑपरेशन उद्याच करू."

दोघं जिना उतरत असताना मागून चिमणाबाई आल्या. त्या जवळच्याच पाणीगेट भागात राहायच्या, दर रविवारी महाराजांकडे यायच्या. इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, मलापण दिवाळीपासून तसं दिसतंय. पाळी तर केव्हाच गेली. महाराज म्हणाले, अंगातल्या गरमीचं आहे."

"बहुतेक वेळा साधंच काही निघतं," ताई म्हणाल्या, "पण ते महाराजांनी नाही, डॉक्टरने तपासून सांगायचं. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, तरी लाजायचं नाही, लपवायचं नाही, लगेच दाखवायचं."

एकटीने जायची भीती चिमणाबाईंच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि ती लक्ष्मीकांतरावांइतकी दुसऱ्या कुणाला ओळखता आली असती?

"उद्या सकाळी आमच्याच रिक्षात चला, वहिनी," ते म्हणाले. "हिला ऑपरेशनला आत नेलं की मी तुम्हाला तिथल्याच दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातो."