कपाळावरचा चमचा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कपाळाला चमचा चिकटलेला होता. ज्यांची श्रद्धा दांडगी त्यांना डाव. पहिल्या रांगेतल्या निवृत्त न्यायाधीशांना तर आख्खा झारा चिकटला होता आणि ते मान मागे टाकून, छताकडे बघत शेजाऱ्याशी गप्पा मारत होते.

डॉक्टरीणबाई दारातच थबकल्या. त्यांच्या धाकट्या जावेला सातवा महिना होता. चेहरा पांढराफटक, दोन पायऱ्या चढली की धाप. बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. दिरानं त्या गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. का, तर बायकोच्या कपाळाला चमचा चिकटला, म्हणजे अंगात लोह भरलं!

"भक्तहो," व्यासपीठावरून दधिमहाराज गरजले. महाराज पूर्वी फ्रिज विकायचे. "माझ्या दह्यात प्रीबायोटिक आहे! प्रीबायोटिक म्हणजे आतड्यातल्या जंतूंचं अन्न. हे जंतू आजवर आळशी होते, नास्तिक होते. मी त्यांना दीक्षा दिली! आता खिडकीच्या गजाकडे नुसतं बघा, लोह अंगात!"

"बघा वहिनी," दीर कुजबुजला, "आज हिला दोन चमचे. वर एक काटा."

"भावजी, हिचं रक्त तपासलंत?"

"आता कशाला? चमचा दिसतोय की!"

"ताई, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते," जाऊ हळूच म्हणाली. "पण चमचा पडत नाही. म्हणजे मी बरीच असणार ना?"

दाराशी स्वयंसेवक प्रत्येकाच्या कपाळाला दह्याची 'पवित्र निवळी' फासत होते. बाईंनी तीत बोट बुडवून चाटलं. साखरेचा पाक! वाटी उचलून त्या थेट व्यासपीठावर गेल्या, महाराजांपुढच्या लाकडी मेजाच्या उभ्या फळीला पाक फासला आणि वर चमचा दाबला. चिकटला.

"महाराज, या मेजानं किती दही खाल्लं?"

"मेजात खिळे आहेत, बाई!"

बाईंनी प्रसादाच्या दह्यातला प्लास्टिकचा चमचा पाकात बुडवून महाराजांच्याच कपाळावर ठेवला. तोही बसला, ऐटीत.

"प्लास्टिकमध्येही सूक्ष्म लोह..." महाराजांचं वाक्य हशात बुडालं.

"पुरावा अपुरा आहे!" न्यायाधीश छताकडे बघत म्हणाले.

बाईंनी त्यांचा झारा काढला, ओल्या रुमालानं कपाळ पुसलं, जावेनं बाळासाठी घेतलेली पावडर थापली आणि झारा परत लावला. तो घसरून मांडीवर पडला.

"आक्षेप मागे," न्यायाधीश पुटपुटले.

"चिकट कातडी, गुळगुळीत चमचा आणि मागे कललेलं डोकं, एवढाच हा चमत्कार," बाई म्हणाल्या. "अंगातलं सगळं लोह गोळा केलं तरी जेमतेम एक खिळा होईल. ते काय झारा ओढणार?"

"मग दही खोटं?" मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारलं.

"दही खरं. प्रीबायोटिकही खरं. जे तंतू आपल्याला पचत नाहीत ते मोठ्या आतड्यातले जंतू खातात, त्यातून आम्लं तयार होतात आणि कॅल्शियम थोडं जास्त शोषलं जातं, असं काही अभ्यासांत दिसलंय. थोडं! लोहाबद्दल अजून तितकी खात्री नाही. उलट दह्यादुधातलं कॅल्शियम लोहाच्या गोळीच्या आड येतं. दही खा, गोळी घ्या, पण दोन्ही एकदम नको."

"माझे जंतू हा अपमान सहन करणार नाहीत!" असं बजावून महाराज मागच्या दारानं गेले. त्यांच्या कपाळावरचा चमचा मात्र शेवटपर्यंत निष्ठावंत राहिला.

जावेचं रक्त त्याच दुपारी तपासलं. चमच्यांची संख्या वाढत होती त्या काळात हिमोग्लोबिन आणखी खाली गेलं होतं. दिरानं अहवाल दोनदा वाचला.

"ताई, बाळाला काही...?" जावेनं विचारलं.

"वेळेत कळलंय. आता उपचार चुकवायचे नाहीत."

दिरानं गोळी आणि पाण्याचा पेला बायकोपुढे धरला. तिनं गोळी गिळली. ती दह्याइतकी चविष्ट नव्हती आणि तिच्यामुळे कपाळाला काही चिकटणारही नव्हतं.

मंडळी, डोळ्यांना दिसलं ते खरं मानण्याआधी एकदा तपासून बघा. तपासल्यानं खऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खोट्याचं.